घाटात आणि ट्रेलर ओढताना व्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड कसा ठेवायचा

पुण्यातून कुठल्याही दिशेला निघालात तरी घाट काही चुकत नाही. साताऱ्याकडे कात्रज आणि खंबाटकी, सासवडला दिवे घाट, कोकणातून परत येताना ताम्हिणी नाहीतर वरंधा, मुंबईहून येताना बोरघाट, महाबळेश्वरला जायचं तर वाईपासून पसरणी. रिकामी गाडी हे सगळे चढ आरामात चढते, पण तीच व्हॅन सात माणसांनी भरलेली असली, टपावर सामान असलं आणि मागे कॅम्पिंगचा ट्रेलर किंवा पानशेतला न्यायची छोटी बोट जोडली की सगळा हिशोबच बदलतो. इंजिन तापलं तर काटा दिसतो, दिवा लागतो, गाडीतल्या सगळ्यांना कळतं. गिअरबॉक्सचा काटा मात्र बहुतेक गाड्यांत नसतोच, त्यामुळे तो आतल्या आत तापत राहतो आणि आपल्याला कळेपर्यंत ऑईल जळलेलं असतं. मग निघतं ते थेट गिअरबॉक्स उघडायचं काम. हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की यातला निम्म्याहून जास्त भाग फुकटात होतो, फक्त कशामुळे काय होतं ते डोक्यात पक्कं पाहिजे.

उष्णता येते कुठून

लोक लगेच विचारतात कुठला कूलर लावू, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑईल गार करणारा जादा छोटा रेडिएटर. कूलरचं पुढे सांगतोच, पण आधी हे. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. आत समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये ऑईल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो ऑईल ढकलतो, ते ऑईल दुसरा पंखा फिरवतं आणि गाडी चालते. दोन पंख्यांच्या वेगात जेवढा फरक तेवढी स्लिप, आणि स्लिपमध्ये वाया गेलेली ताकद सगळीच्या सगळी ऑईल तापवण्यात जाते. हायवेला एका वेगात चालताना आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जोडून टाकतो, स्लिप संपते, तापणं जवळजवळ थांबतं. वजनदार गाडी कमी वेगात चढाला लागली की हा लॉक सुटतो आणि मग खरी भट्टी पेटते.

ढोबळ आकडे घालून बघा. व्हॅन, माणसं, सामान, ट्रेलर मिळून ३ टन धरा. वाई साधारण ७२० मीटर उंचीवर, पाचगणी १,२९० च्या आसपास, म्हणजे हे सगळं वजन ५७० मीटर वर न्यायचंय. ताशी ३० ने चढलात तर नुसतं वजन उचलायला ११-१२ किलोवॅट लागतात, टायरचं घर्षण वगैरे धरून १५. कन्व्हर्टर उघडा असेल आणि शंभरातले पंधरा भाग स्लिपमध्ये जात असतील तर अडीच किलोवॅटच्या वर उष्णता थेट ऑईलमध्ये उतरते, म्हणजे बाथरूममधल्या गिझरची कॉईल त्या सात-आठ लिटर ऑईलमध्ये बुडवून वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवल्यासारखं झालं. लॉक लागलेला असेल तर यातली बहुतेक उष्णता तयारच होत नाही. म्हणून माझं सांगणं हेच की आधी उष्णता तयार होऊ देऊ नका, मग जी होईल ती बाहेर कशी काढायची ते बघा. कूलर हे दुसरं काम आहे.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल आहे, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक, कार्निव्हल अशा. टेम्पो ट्रॅव्हलर, ईको वगैरे मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्सच्या ऑईलची एवढी चिंता नसते, तिथे हाफ क्लचवर गाडी धरून क्लचप्लेट जाळली जाते. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन बदलतं) आणि ड्राय क्लचवाली डीसीटी (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक) यांचंही तसंच, चढावर रांगत रांगत गेलात की क्लच तापतो आणि ऑईल कूलरने तिथे काहीच फरक पडत नाही. असल्या गाडीला ट्रेलर लावायचा विचार सोडून द्या. सीव्हीटीलाही, म्हणजे ठरलेल्या गिअरांऐवजी बेल्ट-पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्सला, जड ट्रेलर नकोच.

पहिलं काम, वजन आणि मॅन्युअल

गाडीचं मॅन्युअल काढा आणि ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काही मॉडेलला कंपनी ट्रेलर ओढायला सरळ नाही म्हणते, मग त्यावर वाद नाही, लावू नका. परवानगी असेल तर किती किलो ते लिहिलेलं असतं, आणि ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरची मर्यादा वेगळी असते हे लक्षात घ्या. कायद्याने ट्रेलर हेसुद्धा वाहनच धरलं जातं, त्यामुळे त्याची नोंदणी, नंबरप्लेट, मागचे दिवे सगळं रीतसर पाहिजे. फॅब्रिकेशनवाल्याकडून नुसता सांगाडा वेल्ड करून आणला आणि निघालो असं चालत नाही.

मग एकदा वजनकाट्यावर जा. भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर दोन्ही करून घ्या, शे-दोनशे रुपयात काम होतं आणि बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा आकडा बराच वर निघतो. हुकवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा आला पाहिजे, फार कमी आला तर ट्रेलर शेपूट हलवतो, फार जास्त आला तर गाडीचं मागचं बसतं. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा कमी असेल किंवा त्याचा ब्रेक घासत असेल तर तोही भार गिअरबॉक्सवरच येतो, त्यामुळे निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर ब्रेक किंवा बेअरिंग बघायचं. ताडपत्री फडफडत असेल तर घट्ट बांधा.

दुसरं, ऑईल

लाईफटाइम ऑईल आहे, बदलायची गरज नाही, हे वाक्य ज्याने ट्रेलर लावला त्याच्यासाठी नाही. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं शेड्यूल दिलेलं असतं, घाट, ट्रेलर, शहरातला ट्रॅफिक हे सगळं त्यात येतं, ते पाळा. मी ४० हजार किलोमीटरच्या पुढे नेत नाही. नुसतं खालचा बोल्ट काढून ऑईल सोडलं तर सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणं हा साधा आणि सुरक्षित मार्ग आहे.

ऑईल कुठलं, तर मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गिअरबॉक्सला एसपी-फोर, असं प्रत्येकाचं ठरलेलं असतं. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात कुणी सगळ्याला चालतं म्हणून डबा पुढे केला तरी तुमचं स्पेसिफिकेशन त्या डब्यावर छापलेलं दिसल्याशिवाय घेऊ नका. लेव्हल बघायची पद्धतही गाडीप्रमाणे बदलते. काहींना डिपस्टिक असते, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना नसते, त्यात ऑईल ठराविक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट ठेवून खालच्या प्लगमधून लेव्हल बघतात. हे काम घाईत केलं की लेव्हल चुकते आणि कमी ऑईल म्हणजे पंप हवा ओढणार, फेस होणार, अजून तापणार. जास्त झालं तरी आतले फिरणारे भाग ऑईल घुसळून फेस करतात.

रंग आणि वास दोन्ही बघा. नवीन ऑईल बहुतेक वेळा लाल असतं. तपकिरी झालं तर बदलायची वेळ आली, काळं आणि करपल्याचा वास आला तर आधी जाणकार माणसाला दाखवा आणि घाटाचा बेत पुढे ढकला. आणि गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी चालूच करू नका, रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कुलंट आणि ऑईल एकमेकांत मिसळलंय, ते पाणी-ग्लायकॉल क्लचप्लेटांचं अस्तर सोडवतं.

तिसरं, हवेची वाट मोकळी करा

पुण्यात एवढं बांधकाम चालू आहे की पुढच्या जाळीमागे धुळीचा थर बसलेलाच असतो, त्यात हायवेवरचे किडे चिकटले की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही अर्धे बंद. पाण्याचा साधा पाईप घेऊन, जमलं तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हळू धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात. इंजिन गार असताना कुलंटची पातळी बघा, रेडिएटरचे पंखे चालतात का, जुन्या डिझेल व्हॅनला विस्कस फॅन असेल तर तो गरम झाल्यावर जोर धरतो का तेही बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल रेडिएटरमधूनच गार होऊन येतं, त्यामुळे कुलंट ९५ अंशाला असेल तर नुसत्या त्या कूलरने ऑईल त्याच्या खाली येणं शक्यच नाही.

चौथं, तापमान दिसलं पाहिजे

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि खर्च जेमतेम हजार-दोन हजारांचा. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं सॉकेट) लावायचा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि फोनवर असं ॲप टाका ज्यात तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्स ऑईलचं तापमान वाचता येतं. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, तुमच्या मॉडेलचा कोड ॲपमध्ये आहे का ते घेण्याआधी तपासा. कोड मिळत नसेल तर ऑईल लाईनवर सेन्सर बसवून वेगळा मीटर लावता येतो.

आकड्यांचा अर्थ असा. ८० ते ९५ म्हणजे सगळं छान. १०५ च्या पुढे गेलं की काहीतरी बदला, एसी बंद, वेग बदल, गिअर बदल. ११५ दिसलं की थांबायची जागा शोधायला लागा, या पातळीला ऑईलचं वार्निश, म्हणजे चिकट थर, व्हायला सुरुवात होते. १२५-१३० ला सील कडक होतात. १४५ च्या आसपास क्लचप्लेटा घसरायला लागतात आणि मग जे नुकसान होतं ते ऑईल बदलून भरून येत नाही. मेकॅनिक लोकांमधला जुना ठोकताळा आहे की साधारण ८० अंशाच्या वर दर १०-११ अंशाला ऑईलचं आयुष्य निम्मं होतं. नवीन सिंथेटिक ऑईल यापेक्षा जास्त सोसतात आणि काही नवे गिअरबॉक्स मुळातच थोडे गरम चालतात, त्यामुळे आधी रिकाम्या गाडीने आठवडाभर आकडे बघून आपल्या गाडीचं रोजचं तापमान किती ते ओळखून ठेवा, म्हणजे घाटात किती वाढलं ते कळतं.

पाचवं, जादा कूलर

ऑईल नवं आहे, रेडिएटर स्वच्छ आहे, चालवणं नीट आहे, तरी तापमान ११० च्या वर जातंय, तर आता कूलरचा विषय. दोन प्रकार मिळतात, एक वळवलेल्या नळीवर पत्रे लावलेला आणि दुसरा एकावर एक प्लेटा रचलेला. दुसरा घ्या. तेवढ्याच जागेत तो बरीच जास्त उष्णता काढतो आणि ऑईल फार गार आणि घट्ट असताना त्यातून सहज वाट काढतं.

बसवायची जागा म्हणजे रेडिएटर आणि कंडेन्सरच्या पुढे, जिथे थेट वारा लागतो. जोडायचा रेडिएटरच्या कूलरनंतर, म्हणजे ऑईल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून आणि मग गिअरबॉक्सला परत. परतीची लाईन कुठली हे सर्व्हिस मॅन्युअलमधून खात्री करूनच कापा. रेडिएटरचा कूलर पूर्ण वगळून टाकायला काही जण सांगतात, मी ते करत नाही, कारण सकाळी गार ऑईल लवकर गरम करायचं कामही तोच करतो, आणि जानेवारीत पहाटे निघालात तर त्याचा उपयोग कळतो.

कूलर ब्रॅकेटवर बसवून घ्या. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून लटकवलेला कूलर हलून हलून एक दिवस रेडिएटरला भोक पाडतो. पाईप गरम गिअरबॉक्स ऑईल आणि त्याचं प्रेशर सोसणाराच पाहिजे, पेट्रोलचा किंवा पाण्याचा रबरी पाईप काही महिन्यांत कडक होऊन फुटतो आणि घाटात पाईप फुटला तर दोन-चार मिनिटांत सगळं ऑईल रस्त्यावर. भोसरीत हायड्रॉलिक होज करून देणारी दुकानं आहेत, फिटिंग दाबून पक्का पाईप करून घेतलेला बरा. पाईप एक्झॉस्टजवळून नेऊ नका, कुठे घासणार असेल तिथे वर दुसरा पाईप चढवा. कूलर आणि नवे पाईप यांच्यात जादा ऑईल मावतं, म्हणून बसवल्यावर इंजिन चालवून लेव्हल परत करणं आलंच. काही नव्या गाड्यांत रेडिएटरपर्यंत लाईन येतच नाही, गिअरबॉक्सवरच छोटा पाण्याचा कूलर चिकटवलेला असतो, तिथे त्या मॉडेलचा ॲडॉप्टर मिळत असेल तरच हात घाला. गाडी वॉरंटीत असेल तर आधी लेखी विचारा.

सगळं झालं की ट्रेलर लावून कात्रजच्या जुन्या घाटातून बोगद्यापर्यंत सकाळी लवकर एक फेरी मारा. चढ पुरेसा आहे, घर जवळ आहे, काही गळलं तर लगेच परत येता येतं. वर पोचल्यावर सगळे जॉइंट टॉर्चने बघा.

सहावं, घाटात चालवणं

इथेच सगळ्यात जास्त फरक पडतो. निघायची वेळ पहाटेची ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी ४० च्या आसपास जातं, पहाटे हवा पंधराएक अंशांनी गार असते आणि कूलरला तेवढाच मोठा आधार मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाम लागत नाही. शनिवारी सकाळी बोरघाटात लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते तिच्यात ट्रेलर घेऊन अडकणं हे गिअरबॉक्ससाठी भर दुपारच्या मोकळ्या घाटापेक्षा कितीतरी वाईट.

चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या. डी मध्ये ठेवून दिली की गाडी पाचवा-चौथा-पाचवा असा खेळ करत बसते आणि प्रत्येक बदलाला लॉक सुटतो, क्लच थोडे घसरतात, उष्णता वाढते. टो मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची गाडीतली सेटिंग) असेल तर तो लावा, नसेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकून तिसरा किंवा चौथा धरून ठेवा. डिझेलला २,००० ते २,५०० आरपीएम, पेट्रोलला ३,००० च्या वर गेलं तरी घाबरू नका, इंजिनचा आवाज वाढला म्हणजे गाडीला त्रास होतोय असं नसतं, उलट खालच्या गिअरमध्ये कन्व्हर्टरवरचा भार कमी होतो आणि पाण्याचा पंप जोरात फिरतो.

लॉक लागलाय की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. एकाच गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर अगदी थोडा दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग तसाच राहिला तर कन्व्हर्टर उघडा आहे. काटा आणि वेग बरोबरीने हळूहळू वाढले तर लॉक आहे. हे बघत बघत तुमच्या गाडीचा असा वेग आणि गिअर शोधा ज्यात चढावरही लॉक टिकतो, आणि मग पाय स्थिर ठेवून तिथेच चालवत राहा. मागच्याने हॉर्न दिला म्हणून दाबू नका, ट्रकच्या मागे ताशी १० ने चिकटूही नका, थोडं अंतर सोडा म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त झाला तरी तुम्हाला थांबावं लागत नाही. पसरणीच्या वळणांवर गिअर वळणाच्या आधी खाली, वळताना नाही.

तापमान वाढायला लागलं तर एसी बंद करा, कंडेन्सरची गरम हवा रेडिएटरवर जाणं थांबतं. तरी वाढतंय तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, काचा खाली. गाडीतली मंडळी कुरकुर करतील पण हीटर म्हणजे एक जादा छोटा रेडिएटरच आहे, कुलंट गार झालं की ऑईलही गार होतं.

जाममध्ये थांबलात तर ब्रेकवर पाय ठेवून डी मध्ये उभं राहू नका, तिथेही कन्व्हर्टर ऑईल घुसळत असतो. हँडब्रेक, न्यूट्रल. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असेल तर ती मोडा, त्याने जेवढं तापतं तेवढं कशानेच तापत नाही. पुढे चार गाड्यांची जागा झाली की मगच एकदम पुढे घ्या, हातभर हातभर सरकू नका.

थांबायची वेळ आलीच तर सुरक्षित जागाच बघा, बोरघाटात कडेला गाडी लावणं म्हणजे जीवाशी खेळ. त्यासाठी चढाआधीच थांबा, खालापूरच्या फूड मॉलला, शिरवळला, वाईत, आणि ऑईल गार असताना चढाला लागा. ताम्हिणी कोकणातून चढणार असाल तर माणगावलाच सगळं उरकून घ्या, पुढे नेटवर्क जातं. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन १,२०० ते १,५०० आरपीएमवर चालू ठेवा, पंप ऑईल फिरवत राहतो आणि पंखा उष्णता काढत राहतो. तापमान ९५ च्या खाली आलं की निघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

उतार आणि टोचन

उतरताना न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरने चढलात साधारण त्याच गिअरने उतरा, इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक मधूनमधून आणि ठाम मारा. ट्रेलर मागून ढकलत असतो, त्यामुळे वेग वाढल्यावर आवरण्यापेक्षा सुरुवातीपासून कमी ठेवा. उतारावर ऑईल थोडं गार होतं, मीटरवर दिसेलच.

आणि गाडी घाटात बंद पडलीच, तर ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून टोचन करू देऊ नका, मदतीला आलेला ट्रकवाला कितीही चांगल्या मनाने म्हणाला तरी. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात आणि ते ऑईलशिवाय कोरडे घासतात. क्रेनवाल्याला फोन करतानाच गाडी ऑटोमॅटिक आहे, चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड पाहिजे, आणि मागे ट्रेलर आहे, त्याची वेगळी सोय करा, हे तिन्ही सांगा. विम्यात रस्त्यावरची मदत घेतली असेल तर तिच्यात ट्रेलर धरलाय का हे घरी असतानाच विचारून ठेवा.